हरकत नाही ना?

मुकादमाच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला धुलाईखान्यात मालकाच्या सहीपेक्षा जास्त किंमत होती. सही महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी कामाला येई. बोट रोज सकाळी. भोंगा वाजला की सगळी माणसं भिंतीला पाठ लावून रांगेत उभी राहत, मुकादम रांगेवरून सावकाश चालत जाई, आणि ज्याच्यापुढे बोट थांबेल त्याचा तो दिवस काळ्या बाजूला जाई.

हा धुलाईखाना शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि रुग्णांचे झगे धुवायचा. मधोमध छताला टेकणारी एक भिंत होती. भिंतीच्या एका अंगाला काळी बाजू, दुसऱ्या अंगाला पांढरी. यंत्रं त्या भिंतीतच बसवलेली आणि दोन तोंडांची. मळके कपडे काळ्या बाजूच्या दारातून आत ढकलायचे, धुऊन झाले की पांढऱ्या बाजूच्या दारातून ओढून काढायचे. पांढऱ्या बाजूला ऊब होती, साबणाचा वास होता, आणि दोघादोघांच्या जोडीनं चादरींच्या घड्या घालताना चालणाऱ्या गप्पा होत्या. काळ्या बाजूला होती पोती. पोतं सोडायचं आणि एकेक चादर उलगडून बघायची, कारण चादरीतून काहीही निघतं. सुया निघतात, कात्र्या निघतात, चष्मे निघतात, एकदा तर अख्खी कवळी निघाली होती. शिवाय आजारी माणसाच्या अंगातून जे जे बाहेर पडतं ते असतंच. हातमोजे होते, पण वासाला हातमोजे नसतात.

मुकादम दुष्ट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दुसऱ्या पाळीचा मुकादम आईबहिणीचा उद्धार करत माणसं पोत्यांकडे पिटाळायचा. आपला मुकादम तसला नव्हता. तो पाळी लावायचा, गरोदर बाईला वगळायचा, कुणाला ताप असला तर बोट पुढे सरकवायचा. आणि मुख्य म्हणजे तो विचारायचा. बोट थांबलं की प्रत्येक वेळी म्हणायचा, "हरकत नाही ना?" समोरचा माणूस जमिनीकडे बघत म्हणायचा, "नाही." मग मुकादम समाधानानं मान हलवायचा. आपण माणसांना विचारून कामाला लावतो, याचा त्याला फार अभिमान होता. घरी बायकोलाही त्यानं हे कितीदा ऐकवलं असेल. ती ऐकून घ्यायची.

मग नगरसभेनं ते पैसे सुरू केले. सरकारी भाषेत त्याला भलंमोठं नाव होतं, पण धुलाईखान्यात सगळे त्याला 'आपसूक' म्हणू लागले. शहरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाला, त्याच्या स्वतःच्या नावावर, दर महिन्याला दोन वेळचं पोट आणि डोक्यावरचं छप्पर भागेल एवढी रक्कम. काय करता, का करत नाही, लग्न झालंय का, दारू पिता का, असलं काही कुणी विचारायचं नाही. एक वर्ष करून बघायचं आणि मग ठेवायचं की बंद करायचं ते नगरसभेत ठरवायचं.

मालकांनी मुकादमाला आत बोलावून सांगितलं की आता धुलाईखान्याला कुलूप लागल्यात जमा आहे. फुकटचं मिळायला लागल्यावर घाम कोण गाळेल? आयतं खाणाऱ्या माणसाचा कणाच मोडतो, असंही ते म्हणाले. मालकांना हा धुलाईखाना सासऱ्यांकडून मिळाला होता, बायकोबरोबर, यंत्रांसकट. पण आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून ही रीत जुनीच आहे, आणि त्या वेळी मुकादमालाही मालकांचं म्हणणं पटलं होतं.

म्हणून पैसे हातात पडल्यानंतरच्या पहिल्या सकाळी तो नेहमीपेक्षा लवकरच कामावर गेला. फाटक उघडलं. रस्ता रिकामा होता. झालं, असं तो मनात म्हणतोय तोवर कोपऱ्यावरून एक जण आला. मग दोघी आल्या. मग एकदम घोळका आला. भोंगा वाजेपर्यंत रांग पूर्ण भरली होती, एकही माणूस कमी नव्हता. मुकादमाला आधी हायसं वाटलं, आणि मग कसलीशी हुरहूर लागली. रांग तीच होती, भिंत तीच होती, तरी काहीतरी वेगळं होतं. काय ते त्याला चटकन उमगेना. मग लक्षात आलं की त्याला सगळ्यांचे डोळे दिसत होते. एरवी दिसायचे ते केसांचे भांग. हूंताईचे डोळे घारे आहेत हे त्याला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

हूंताई म्हणजे रांगेतली सर्वांत गरीब गाय. कुणी काही म्हणा, ही "हूं" म्हणायची, म्हणून ते नाव. हिच्याइतकं काळ्या बाजूला कुणीच राबलं नव्हतं, कारण बोट कुठं थांबवावं हे सुचेना की मुकादम ते हिच्यापुढे थांबवायचा. त्या सकाळीही, जरा गोंधळल्यामुळेच असेल, ते सवयीनं तिथंच थांबलं.

"हरकत नाही ना?" मुकादम म्हणाला.

"आहे," हूंताई म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नाही, हात नाचवला नाही. पण यंत्रांच्या घरघरीतही रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत ते ऐकू गेलं. मुकादमाचं बोट तसंच हवेत राहिलं. आता काय करायचं असतं? पगार कापायचा? कापला असता, पण तिच्या घरची चूल काही विझणार नव्हती. हाकलून द्यायचं? ती घरी जाऊन निवांत चहा प्याली असती. मुकादमानं आपल्या बोटाकडे पाहिलं, आणि त्याला पहिल्यांदाच वाटलं की हे नुसतं बोट आहे. याच्यामागे इतकी वर्षं दुसरंच काहीतरी उभं होतं.

रांगेत आणखी कुणाला विचारायची त्याची छाती झाली नाही. न जाणो, सगळेच "आहे" म्हणाले तर? त्यानं खुंटीवरचा एप्रन काढला, हातमोजे चढवले आणि स्वतःच काळ्या बाजूला गेला.

मुकादम झाल्यापासून त्यानं पोत्याला हात लावला नव्हता. पहिल्या पोत्याला त्याला उमासा आला. दुसऱ्या पोत्यात तो अडखळला, तिसऱ्यात त्यानं चादरी आणि झगे एकत्र करून घोटाळा घातला. कंबर बोलायला लागली. हे आपण रोज सकाळी लोकांना वाटत होतो, सुपारी वाटावी तसं, असा विचार मनात आला आणि त्यानं तो घाईघाईनं बाजूला सारला. दुपारच्या सुट्टीचा भोंगा होऊन गेला तरी तो पोत्यांतच बुडालेला होता. तेवढ्यात दार वाजलं आणि हूंताई आत आली. तिनं हातमोजे घातले, त्याच्या हातातली चादर काढून घेतली आणि म्हणाली, "असं खेचू नका. आधी चारी टोकं मोकळी करा."

 मुकादमानं न राहवून विचारलं, "सकाळी तर हरकत होती ना तुमची?"

"सकाळी तुम्ही पाठवत होतात," हूंताई म्हणाली. "आता मी आले."

आणि मग ती बोलायला लागली. मुकादमानं उभ्या जन्मात असलं काही ऐकलं नव्हतं. पोत्यामागून पोतं सुटत होतं आणि हूंताईचं तोंडही. शेजारणीचा रेडिओ, स्वतःचे गुडघे, भावजयीचा खवटपणा, लहानपणी झाडावरून पडली होती तो किस्सा, मालकांच्या डोक्यावरच्या टोपात नेमके केस किती आणि हवा किती. ती मालकांची नक्कल करी, भावजयीची करी, आणि मग मुकादमाची केली, बोट पुढे, भुवया वर, "हरकत नाही ना?" इतकी हुबेहूब की मुकादमाला हसावं की रडावं कळेना. शेवटी तो हसला. पोत्यांच्या त्या घाणीत, नाकाला फडकं बांधून, दोघं खोखो हसले. ही बाई गप्प स्वभावाची आहे असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. तिच्या आत एवढा बाजार भरलेला होता आणि त्याला फक्त "हूं" ऐकू आलं होतं. मग रांगेतल्या बाकीच्यांच्या आत काय असेल? 

संध्याकाळी घरी जाऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं, नकलांसकट. तिनं त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकलं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून बोट उठलं नाही. भोंगा वाजला की मुकादम नुसता रांगेपुढे उभा राही आणि वाट बघे. वाट बघण्याची ती मिनिटं फार लांब वाटत. मग कुणीतरी म्हणे, आज मी जातो. कधी दोघं म्हणत. कधी कुणीच म्हणत नसे, तेव्हा मुकादम स्वतः एप्रन चढवी आणि पाठोपाठ कुणीतरी येई. येई म्हणजे आपल्या पायानं येई. वर्षभर त्यानं हे रोज पाहिलं, आणि रोज त्याला एखाद्या मुलाचं पहिलं पाऊल बघावं तसं अप्रूप वाटत राहिलं. काम तेच, वास तोच, पोती तीच. फरक एवढाच की आता समोर माणूस होता.

वर्ष सरत आलं तशी नगरसभेच्या बैठकीची हवा तापली. एक दिवस समितीची बाई धुलाईखान्यात आली. आपसूक चालू राहावं म्हणून झटणारी जी समिती होती, तिची ही म्होरकी. हुशार, चटपटीत, पायाला भिंगरी लावलेली. तिला मुकादमाची साक्ष हवी होती. मुकादमानं हूंताईची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तशी तिनं त्याला थांबवलं. नीतीच्या गोष्टी बैठकीत काढायच्या नाहीत, असं तिनं बजावलं. नीती म्हटली की प्रत्येकजण खिशातून आपापली नीती काढतो आणि मग मारामारी होते. त्यापेक्षा उपयोग सांगा. काम वाढलं का? रजा घटल्या का? चादरी कमी फाटतात का? लोकांना आपला फायदा दिसला की ते हात वर करतात, तो न्याय आहे की अन्याय आहे हे त्यांच्या खिजगणतीत नसतं. ती वाईट हेतूनं बोलत नव्हती. तिला जिंकायचं होतं, आणि अशा बैठका तिनं हरलेल्याही होत्या.

पंचाईत अशी होती की उपयोग सांगण्यासारखा नव्हता. चादरी फाटायच्या जरा कमी झाल्या होत्या, पण एकूण कामही थोडं कमीच झालं होतं. लोक दमले की बसत. दोघांनी तर नोकरीच सोडली होती. एक जण अंथरुणाला खिळलेल्या बापाची उस्तवार करत होता, ते एक ठीक. दुसरा म्हणजे यंत्रांवरचा उंच माणूस, ज्याला सगळे शिडी म्हणायचे. त्याच्याबद्दल काहीतरी बरं सांगता यावं म्हणून मुकादम मुद्दाम त्याच्या घरी जाऊन आला. शिडी गच्चीत खुर्ची टाकून, पाय कठड्यावर ठेवून बसला होता. काही शिकतोस का, मुकादमानं विचारलं. नाही. काही दुरुस्त्या-बिरुस्त्या? नाही. कुणाला मदत? शिडीनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि म्हणाला, "नाही हो. बसलोय." मुकादमानं त्याच्याशेजारी थोडा वेळ बसून पाहिलं. बसायला बरं वाटत होतं. पण हे बैठकीत कसं सांगणार? समितीच्या बाईनं शिडीचं नाव तोंडातून काढू नका म्हणून हात जोडले.

पाठोपाठ मालकांनी बोलावलं. त्यांनाही मुकादमाची साक्ष हवी होती, उलट्या बाजूनं. काम घटलं हे खरं आहे की नाही? दोघं पळाले हे खरं आहे की नाही? मग तेवढंच सांगायचं, बाकी नीतीचं मी बघतो, असं म्हणून मालक खुर्चीत मागे रेलले.

"तर मग बोलाल. हरकत नाही ना?" मालक म्हणाले.

"नाही," मुकादम म्हणाला.

म्हणाला आणि चपापला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. जमिनीकडे बघून काढलेला, घशाच्या वरच्या वर निघालेला, इतकी वर्षं रोज सकाळी ऐकलेला. आता हा आपल्याच तोंडून कसा आला? समितीच्या बाईलाही तो असंच "हरकत नाही" म्हणून बसला होता. म्हणजे दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांत मुकादम एकटाच असा होता जो दोन्हीकडचा होता.

बैठकीच्या दिवशी नगरसभेच्या दालनात मुंगीला शिरायला वाव नव्हता. धुलाईखान्याची माणसं डावीकडे दाटीवाटीनं बसली होती, आणि हूंताईशेजारी मुकादमाची बायको बसली होती. मालक आधी बोलले. पेरतो त्यानंच खावं, आयत्या बिळावर नागोबा होणाऱ्यांना शहरानं किती दिवस पोसायचं, असं ते तावातावानं म्हणाले आणि टाळ्या घेऊन बसले. मग समितीची बाई आकडे घेऊन उठली. मालकांच्या बाजूचा एक गृहस्थ दुसरे आकडे घेऊन उठला. आकड्याला आकडा भिडला, घासाघीस झाली, आणि थोड्या वेळानं दोन्हीकडचे आकडे दमून खाली बसले. लोक जांभया देऊ लागले. तेव्हा अध्यक्षांनी मुकादमाचं नाव पुकारलं, आणि मालक आणि समितीची बाई दोघंही एकदमच समाधानानं हसले.

मुकादम उभा राहिला. माणसांसमोर उभं राहायची त्याला सवय होती, पण ती रांगेसमोर. त्यानं हात मागे बांधले.

"काम थोडं कमी झालं," तो म्हणाला. "खोटं बोलणार नाही. दोघं सोडून गेले. एक बापाची सेवा करतो. दुसरा काही करत नाही. मी जाऊन बघून आलो, खरंच काही करत नाही."

दालनात हशा पिकला. समितीच्या बाईनं कपाळाला हात लावला.

"मला नीतीतलं कळत नाही. मी रोज सकाळी माणसांना घाणीत पाठवायचो आणि विचारायचो, हरकत नाही ना? ते म्हणायचे, नाही. मला वाटायचं, मी विचारतोय. पण ज्याला दुसरं उत्तर देणं परवडतच नाही, त्याला विचारणं म्हणजे विचारणं नव्हे. तो नुसता माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून काढलेला आवाज. मग एक दिवस एक बाई म्हणाली, हरकत आहे. मी सांगतो, मी घाबरलो. पण त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी उत्तर दिलं. आणि मग दुपारी तीच बाई आली. मी आणली नाही, तिची ती आली. तेव्हापासून मी हे रोज बघतोय, आणि मला अजून त्याची सवय झालेली नाही. याचा शहराला फायदा काय, ते मला सांगता येणार नाही. मी एवढंच म्हणतो, की तुम्ही कधी कुणाला काही विचारलं असेल, आणि तो हो म्हणाला असेल, तर तो खरंच हो म्हणाला का हे तुम्हाला कळायला..."

इथं त्याची नजर बायकोवर पडली. ती त्याच्याकडेच बघत होती, एकटक. आणि मुकादमाचं वाक्य तोंडातच राहिलं.

तीही पूर्वी त्या रांगेतच होती. आई आजारी, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, आणि आठवड्यातले निम्मे दिवस काळ्या बाजूला. एकदा पांढऱ्या बाजूला घडी घालायला जोडीदार कमी पडला म्हणून मुकादमानं चादरीची दुसरी दोन टोकं धरली होती. टोकाला टोक जुळवत दोघं जवळ आली तेव्हा त्यानं हळूच विचारलं होतं, तुझ्या घरी मागणी घालायला माणसं पाठवीन म्हणतो, हरकत नाही ना? ती चादरीकडे बघत म्हणाली होती, नाही. त्यानंतर बोट तिच्यापुढे कधीच थांबलं नाही. हा प्रसंग त्यानं जन्मभर मनात अत्तराच्या फायासारखा जपला होता. आता भरल्या दालनात त्याला ते "नाही" पुन्हा ऐकू आलं.

"पुढे?" अध्यक्ष म्हणाले.

 मुकादम खाली बसला. लोकांना वाटलं, माणूस भावनेनं भरून आला. काहींनी टाळ्याही वाजवल्या. मग हात वर झाले, मोजले गेले, आणि थोड्या मतांनी का होईना, आपसूक आणखी एक वर्ष चालू ठेवायचं ठरलं. मुकादमाच्या बोलण्यानं डोंगर हलला असं काही नाही. बरेच हात आधीच ठरलेले होते. समितीच्या बाईनं जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि मालक तोंड फिरवून निघून गेले. मुकादमाला दोन्हीचं काही वाटलं नाही. त्याचं सगळं लक्ष शेजारून चालणाऱ्या बायकोच्या पावलांकडे होतं. 

जिना चढून घरात आल्यावर तिनं खिडकी उघडली आणि चहाचं आधण ठेवलं. मुकादम चपला न काढता दारातच उभा राहिला. विचारलं तर संपलं, आणि नाही विचारलं तरी आता संपलंच होतं.

"तेव्हा तू नाही म्हणालीस," तो म्हणाला. "चादरीच्या वेळी. ते... खरंच हरकत नव्हती म्हणून?"

तिनं आच कमी केली. "हरकत होती," ती म्हणाली.

मुकादमानं दाराच्या चौकटीला हात टेकला.

"आई अंथरुणावर, घरमालक रोज दारात. आणि विचारणारा कोण, तर ज्याच्या बोटावर माझा दिवस. काय सांगणार होते मी? माणूस वाईट नाही, एवढं दिसत होतं. पुढे तुम्ही चांगले निघालात, ते माझं नशीब. पण नशीबच हो ते. मी ठरवलेलं नव्हतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, हे फार वाईट होतं. राग असता तर मुकादमाला माफी तरी मागता आली असती. इतकी वर्षं, एवढा संसार, आजारपणं, भांडणं, लेकीचं लग्न, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून सरकलं आणि तळाशी ती चादर दिसली, आणि चादरीकडे बघणारी ती मुलगी.

"पैसे सुरू झाले ना, त्या पहिल्या सकाळी मी पिशवी भरली होती," ती म्हणाली. "बहिणीकडे जाणार होते. तुमच्यावर रागावून नाही. जाता येतं का ते बघायला. तुम्ही कामावर गेलात आणि मी खाली उतरले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि उभी राहिले. कुणी हाकललेलं नाही, कुणी अडवलेलं नाही. असं मी जन्मात कधी उभीच राहिले नव्हते. इतकं छान वाटलं म्हणून सांगू. बराच वेळ नुसती उभी होते, पिशवी घेऊन, येड्यासारखी."

"मग?"

"मग वाटलं, संध्याकाळी हे येतील आणि आज काय काय झालं ते सांगतील. ते मला ऐकायचं होतं. म्हणून परत आले. आणि तुम्ही हूंताईची गोष्ट सांगितलीत."

चहा उकळून वर आला. तिनं तो उतरवला, गाळला, दोन कपांत ओतला.

"तेव्हापासून तुम्ही सकाळी बाहेर पडलात की मी स्वतःला विचारते. जायचं की राहायचं."

"रोज?"

"रोज. सुट्टीच्या दिवशी तुम्ही घरात असता, तेव्हा जरा अवघड जातं."

मुकादम कधी खाली बसला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. वर्षभर तो दर संध्याकाळी हा जिना चढला होता, दुखरे पाय ओढत, रात्रीच्या जेवणाचा विचार करत. दार लोटलं की ती असायची, आणि त्याला वाटायचं की ती तर असतेच. भिंत असते, खिडकी असते, तशी. वर्षभर रोज कुणीतरी त्याला निवडत होतं, आणि तो त्याच माणसाच्या शेजारी चहा पीत, पाय शेकत, खुशाल झोपी जात होता. त्याला त्या साऱ्या संध्याकाळी परत हव्याशा वाटल्या, डोळे उघडे ठेवून एकदा बघण्यासाठी. आपण एवढ्या मोठ्या गोष्टीजवळ राहत होतो याची त्याला अक्षरशः धडकी भरली.

"आणि उद्या?" त्यानं विचारलं.

"उद्याचं उद्या बघू," ती म्हणाली, आणि कप त्याच्या हातात दिला. "नगरसभेनं वर्ष दिलंय मला. घाई काय आहे?"

तिच्या डोळ्यांत हसू होतं की नव्हतं, ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी धुलाईखान्यात त्याचं कशात लक्ष लागलं नाही. हूंताईनं त्याच्या दोन नकला केल्या, त्याही त्याला कळल्या नाहीत. संध्याकाळी तो इतक्या झपझप निघाला की फाटकाची कडी लावायची राहिली आणि मागे फिरावं लागलं. जिन्याशी आल्यावर मात्र पाय जड झाले. एखाद्या परक्या, मोठ्या घरात चाललोय अशा बेतानं तो एकेक पायरी चढला. दारासमोर उभा राहिला आणि कान दिला. आतून काही ऐकू येईना. मग भांड्याचं झाकण वाजलं, आणि कुणीतरी हळू आवाजात गुणगुणत असल्यासारखं वाटलं. ती गुणगुणते, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो तसाच दाराला कपाळ टेकून ऐकत राहिला, आणि कडी वाजवायला त्याला जरा वेळच लागला.